गोलीचा बाप

कॅनडात आइस हॉकी खेळणाऱ्या मुलांचे पालक दोन प्रकारचे. पहिले मुलाच्या खांद्याला बॅग अडकवून देतात आणि कॉफीच्या रांगेत जाऊन उभे राहतात. दुसरे गोलीचे, म्हणजे गोलरक्षकाचे. त्यांना कॉफी मिळते ती गार झालेली, तीही कुणाला दया आली तर. मी दुसऱ्यांतला. मूळ सांगली, मुक्काम मिसिसागा. आमच्या कन्येने संघातल्या सगळ्या जागा सोडून नेमकी गोलजाळीपुढची निवडली. त्यामुळे रविवारी भल्या पहाटे, बाहेर उणे अठरा असताना, मी ड्रेसिंग रूमच्या रबरी फरशीवर गुडघे टेकून तिच्या पायांशी असतो. देवापुढेही मी कधी इतका वेळ बसलेलो नाही.

एकदा अर्धं सामान अंगावर चढलं की पोरीला वाकताच येत नाही, म्हणून ही सेवा. आधी गुडघ्यांचे गार्ड, मग जाडजूड पँट, मग स्केट्स. स्केट्सच्या नाड्या अशा आवळायच्या की माझ्या बोटांवर वळ उठले पाहिजेत. मग ती फरशीवर पालथी झोपते आणि मी पॅड बांधायला घेतो. नाड्या आवळून हाताला सवय झालेली, त्याच जोरात मी पोटरीचा पट्टा खेचतो आणि खालून ओरडा येतो, "बाबा, सैल! पॅड फिरायला नको का?" भानगड अशी, की हल्लीचे गोली गुडघे टेकून दोन्ही पाय बाजूंना फाकवतात. त्याला बटरफ्लाय म्हणतात. त्या वेळी पॅड पायाभोवती फिरून त्याचा दर्शनी भाग समोरच्याकडे वळला पाहिजे. आवळून बांधला तर फिरत नाही, आणि पायांमधून पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, आत. "घट्ट बांध रे, सुटेल" हे ऐकत वाढलेल्या माणसाला 'सैल बांध' ही आज्ञा पाळायला किती यातना होतात, हे तिला कळत नाही.

त्यानंतर छाती-खांद्यांचं चिलखत, जर्सी, गळ्याचा पट्टा, मास्क, एका हातात ब्लॉकर, म्हणजे पक अडवायची सपाट फळी लावलेला ग्लव्ह, दुसऱ्यात झेल घ्यायचा ग्लव्ह. ती उभी राहिली की दारातून आडवी होऊन बाहेर पडते. मला उठायला बाकाचा आधार लागतो.

आमच्या लहानपणी क्लबच्या किटबॅगेत पॅडची एकच धड जोडी होती. दोन फलंदाजांनी एकेक पॅड वाटून घ्यायचा, तोही पुढच्या पायात. दोघेही उजवे, म्हणजे दोघांनाही डाव्या पायाचा पॅड हवा. एकाच्या वाट्याला उजवा यायचा आणि त्याच्या बकला धावताना दुसऱ्या पायात अडकायच्या. म्हणूनच १८९६ सालची एक हकीकत वाचून माझा ऊर भरून आला. विनिपेगचा गोली व्हायटी मेरिट स्टॅनले कपच्या, म्हणजे हॉकीतल्या सर्वांत मानाच्या चषकाच्या, सामन्यात मॉन्ट्रियलला चक्क क्रिकेटचे पॅड बांधून उतरला होता! मी हे मोठ्या अभिमानाने कन्येला सांगितलं. ती म्हणाली, "दोन्ही पायांत ना?"

पुढे १९२० च्या दशकात हॅमिल्टनमध्ये, म्हणजे इथून गाडीने पाऊण तासावर, घोड्यांचा साज शिवणारे एमिल केनेस्की या धंद्यात शिरले. त्यांनी चामड्याचे, ठासून भरलेले, ऐसपैस रुंद पॅड शिवले. गोली खूश आणि लीग, म्हणजे इथली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग एनएचएल, हैराण. तेव्हापासून लीगची जी घासाघीस सुरू झाली ती मंडईत मेथीच्या जुडीवरून चालते तशी. पॅडची रुंदी बारा इंचांच्या वर नको, असं ठरलं. मग १९२७ मध्ये दहा. १९८९ मध्ये पुन्हा बारा. २००५ मध्ये अकरा! दहा आणि बाराच्या मध्ये अकरा असतात, हे उमगायला एवढी वर्षं का लागावीत, ते लीगलाच ठाऊक.

खरा घोळ मात्र रुंदीत नव्हता, वजनात होता. जुनं चामडं बर्फाचं पाणी प्यायचं आणि सामना संपत येईतो गोलीला पाय उचलवत नसे. मोठं सामान हवं कुणाला? पुढे फोम आणि कृत्रिम कापड आलं, पॅड हलके झाले आणि मग कशालाच धरबंद राहिला नाही. जर्सी तंबूएवढी, खांदे कानांपर्यंत. १९९० च्या दशकातले गोली गार्थ स्नो यांचे फोटो जरूर बघा. मान कुठे संपते आणि चिलखत कुठे सुरू होतं, ते दाखवून द्या. जाळी बिचारी होती तेवढीच, सहा फूट बाय चार फूट. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल व्हायचे, ते २००४ पर्यंत पाचाच्या आसपास आले. लोक तिकीट काढून फोम बघायला येत नाहीत, हे लीगच्या ध्यानात आलं आणि टेप बाहेर निघाली. २०१३ मध्ये पॅडची उंची, २०१७ मध्ये पँट, २०१८ मध्ये छातीचं चिलखत. या कामावर लीगने के व्हिटमोर यांना नेमलं, जे स्वतः गोली होते. चोरवाटा माहीत असलेला माणूस पहाऱ्यावर बसवला, ही मात्र अक्कल मानली पाहिजे.

पण ही सगळी काटछाट मोठ्यांच्या लीगमध्ये. आमच्याकडे उलट. पोर वाढते, तसे पॅड वाढतात, तशी बॅग वाढते, डिकी तेवढीच. दुकानदार तिच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आणि पुढे मांडीपर्यंत टेप लावतो, 'अठ्ठावीस अधिक एक' असा काहीतरी आकडा पुटपुटतो आणि माझ्याकडे बघून सहानुभूतीने हसतो. तो हसला की मी क्रेडिट कार्ड काढतो.

गेल्या हिवाळ्यात आई सांगलीहून आली होती. नातीला पूर्ण वेषात बघून म्हणाली, "अरे, पोरीला एवढं गुंडाळलंयस, ती श्वास कुठून घेणार?" मी मास्कची जाळी दाखवली आणि एनएचएलमधल्या जाक प्लांट या गोलीची गोष्ट सांगितली. १ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क. समोरच्या संघातल्या अँडी बाथगेटचा फटका प्लांटच्या थेट तोंडावर. आत जाऊन टाके घातले, आणि हा गडी म्हणाला, आता मास्कशिवाय बर्फावर पाय ठेवणार नाही. प्रशिक्षकाला मास्क बिलकूल पसंत नव्हता, पण दुसरा गोली नव्हता. प्लांट मास्क घालून खेळला आणि सामना जिंकला. "म्हणजे तोवर सगळे उघड्या तोंडाने?" आईने विचारलं. म्हटलं, "त्यानंतरही. त्या लीगमधला शेवटचा बिनमास्कवाला १९७४ पर्यंत होता." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना आया नव्हत्या का रे?"

सामना झाला की सामान ओलंचिंब. गॅरेजमध्ये ठेवलं तर गोठतं, बॅगेत ठेवलं तर सडतं, म्हणून ते तळघरात दोरीवर टांगलेलं असतं. त्याचा वास मी वर्णन करणार नाही. घरी जेवण चालू असताना वाचणारेही कुणी असतील. आईने दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी खाली उदाची धुरी घातली. आता पॅडना घामाचा आणि उदाचा मिळून असा काही वास येतो की समोरचे खेळाडू जाळीच्या फार जवळ येत नाहीत. या मोसमात आमच्या संघावर गोल कमी झाले आहेत. प्रशिक्षक त्याचं श्रेय बटरफ्लायला देतात.