आवड प्रदेशाची की उपलब्धतेची?

जुन्या ड्रम-संचांचे रंग प्रदेशागणिक वेगळे आवडतात, हे त्या रंगांवरच्या तुमच्या लेखातील निरीक्षण मला मान्य आहे. मात्र त्याचे कारण केवळ त्या त्या प्रदेशाची अभिरुची आहे, असे मानणे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये १९५९ पर्यंत अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे तिथल्या एका पिढीच्या डोळ्यांत इंग्लंडमधील लेस्टरच्या प्रीमियर या ड्रम-कंपनीचे रंगच बसले. पुढे बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टारने १९६३ मध्ये लुडविग या अमेरिकी कंपनीचा ‘ब्लॅक ऑयस्टर पर्ल’ रंगाचा संच घेतला, फेब्रुवारी १९६४ मध्ये त्याच रंगाचा त्याचा दुसरा संच अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर झळकला आणि ड्रमवर चिकटवलेल्या त्या करड्या-काळ्या लाटांच्या प्लास्टिक आवरणाला दोन्हीकडे मागणी आली.

दुसरा मुद्दा रंग बदलण्याचा आहे आणि तो लेखात यायलाच हवा होता. मोत्यासारखे पांढरे ‘मरीन पर्ल’ आवरण काळानुसार पिवळसर पडते, तर निळ्या स्पार्कलवरचा, म्हणजे चमचमत्या आवरणावरचा, पारदर्शक थर पिवळा झाला की तोच निळा हिरवट दिसू लागतो. अशा ड्रमचा लग (कातडे ताणणारा स्क्रू ज्यात बसतो तो धातूचा भाग) काढून पाहिला, तर त्याच्याखाली प्रकाश न लागलेला मूळ निळा ठसा स्वच्छ दिसतो. तेव्हा एखाद्या प्रदेशात हिरवट छटा लोकप्रिय आहे असे म्हणण्याआधी ती कारखान्यातून तशीच आली होती का, हे तपासावे. आणि कृपया, केवळ मागणी आहे म्हणून मूळ आवरण सोलून कोणी नवे चिकटवू नये. गेलेले आवरण परत मिळत नाही.