गिरगावच्या चाळी आणि सिनसिनाटीच्या विटा

गिरगावातल्या चाळी पाडून टॉवर उभारावेत की त्या जपाव्यात, हा वाद इतका जुना झाला आहे की दोन्ही बाजूंची वाक्यं आता तोंडपाठ आहेत. एक बाजू म्हणते, वारसा चालला, मराठी गिरगाव संपलं. दुसरी म्हणते, आधी या खोलीत राहून दाखवा, मग वारशाच्या गप्पा मारा. माझं लहानपण मुगभाटातल्या चाळीत गेलं आणि गेली बरीच वर्षं मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराच्या एका उपनगरात राहते. परदेशी गेलेल्या गिरगावकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिल्या बाजूचाच भरणा असतो. कुठल्या चाळीचा जिना तुटला, कुठली वाडी बिल्डरकडे गेली, असे फोटो येतात आणि खाली हळहळ. ती हळहळ खरी आहे, मलाही होते. पण आपण गमावतोय नेमकं काय, हे मला सिनसिनाटीच्या एका जुन्या वस्तीने शिकवलं.

त्या वस्तीचं नाव ओव्हर-द-ऱ्हाइन. एकोणिसाव्या शतकात इथे जर्मन लोक मोठ्या संख्येने आले. शहराच्या मध्यभागातून कालवा जायचा, त्याला लोक गमतीने ऱ्हाइन नदी म्हणायचे आणि पलीकडची वस्ती ती ओव्हर-द-ऱ्हाइन. तीन-चार मजली विटांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या, खाली दुकान आणि वर बिऱ्हाडं. गिरगावकराला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 1855 मध्ये सुरू झालेला फिंडले मार्केटचा बाजार आजही भरतो. 1878 मध्ये बांधलेलं म्युझिक हॉल आजही शहराची शान आहे. बिअर गाळणारे मोठमोठे कारखाने होते आणि त्यांची तळघरं रस्त्यांच्या खाली अजून आहेत. 1900 च्या सुमारास एवढ्याशा भागात 45,000 च्या आसपास माणसं राहत होती.

मग एकामागून एक घाव बसत गेले. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रू ठरला, रस्त्यांची जर्मन नावं बदलली, ब्रेमेन स्ट्रीटची रिपब्लिक स्ट्रीट झाली. पाठोपाठ दारूबंदी आली आणि कारखाने बंद पडले. ज्यांच्या हातात पैसा खेळू लागला ते टेकड्यांवरच्या मोकळ्या उपनगरांत गेले. रिकाम्या खोल्यांत आधी अ‍ॅपलाशियाच्या डोंगराळ भागातले गरीब गोरे आले. नंतर शेजारच्या वेस्ट एन्डमधून कृष्णवर्णी कुटुंबं आली. हौसेने नव्हे, तर हायवेसाठी आणि ‘नागरी नूतनीकरणा’साठी त्यांची वस्तीच जमीनदोस्त केली गेली म्हणून. त्या एका मोहिमेत 25,000 हून जास्त लोक बेघर झाले. शतक संपताना ओव्हर-द-ऱ्हाइनची लोकसंख्या 8,000 च्या आत आली होती, शेकडो इमारती फळ्या ठोकून बंद होत्या. एप्रिल 2001 मध्ये इथल्याच एका गल्लीत टिमथी थॉमस या एकोणीस वर्षांच्या नि:शस्त्र कृष्णवर्णी तरुणाला पोलिसाने गोळी घातली आणि शहर अनेक दिवस पेटलं.

पुढचं पुनरुज्जीवन अमेरिकेत जिकडेतिकडे उदाहरण म्हणून दाखवलं जातं. 2003 मध्ये शहराने आणि इथल्या बड्या कंपन्यांनी मिळून थ्रीसीडीसी नावाची विकास संस्था काढली. तिने बंद इमारती घाऊक विकत घेतल्या, दुरुस्त केल्या, खाली हॉटेलं-दुकानं आणली, वर फ्लॅट केले. वॉशिंग्टन पार्क 2012 मध्ये नव्याने खुलं झालं, खाली वाहनतळ आणि वर हिरवळ. 2016 मध्ये ट्राम धावू लागली. आज शनिवारी दुपारी तिथे गेलं तर पाय ठेवायला जागा नसते आणि त्या गर्दीत आमच्यासारखे उपनगरातून आलेले भारतीय भरपूर असतात.

एकदा एल्म स्ट्रीटवर एका इमारतीचं काम मी बराच वेळ उभी राहून पाहिलं. परांचीवर बसलेला कारागीर विटांच्या सांध्यांतलं जुनं सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढत होता आणि त्या जागी चुन्याच्या मसाल्याने सांधे पुन्हा भरत होता. मी विचारलं, सिमेंट तर जास्त पक्कं, मग ते काढता कशाला? तो म्हणाला, दीडशे वर्षांपूर्वीची वीट मऊ आहे. सिमेंट तिच्याहून कडक. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ते विटेतून वाट काढतं आणि विटेचा दर्शनी भाग पोपडा निघावा तसा सुटतो. मधल्या काळात कुणीतरी ‘मजबुती’ म्हणून भरलेलं सिमेंटच भिंतीला खात होतं. मला आमच्या चाळीच्या सागवानी तुळया आठवल्या. दर दुरुस्तीत त्यांवर सिमेंटचा गिलावा चढायचा आणि आत वाळवी निवांत पोखरत राहायची.

असं बारीक काम परवडतं, कारण इथे त्याच्यामागे पैशाची व्यवस्था आहे. ऐतिहासिक म्हणून नोंदलेली, भाड्याने किंवा व्यवसायासाठी वापरली जाणारी इमारत ठरलेल्या निकषांनुसार दुरुस्त केली तर खर्चाच्या 20 टक्के रक्कम मालकाला केंद्र सरकारच्या करातून वजा मिळते. ओहायो राज्याची सवलत त्यावर आणखी. ओव्हर-द-ऱ्हाइनची नोंद 1983 मध्येच झाली होती. म्हणजे पाडण्याइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, फायदा सांभाळण्यात आहे. गिरगावात हिशेब नेमका उलटा. आपल्याकडे पैसा एफएसआयमध्ये, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येईल त्या परवानगीत, आहे आणि एफएसआय मिळतो तो इमारत पाडल्यावर.

आता दुसरी बाजू. ओव्हर-द-ऱ्हाइनच्या भिंती वाचल्या, पण 2001 मध्ये त्या भिंतींच्या आत जे राहत होते, ते आज कुठे आहेत? बरेचसे गेले. ओहायोत महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्याला तीस दिवसांच्या नोटिशीवर घर सोडायला सांगता येतं. भाडे नियंत्रण नाहीच, आणि 2022 मध्ये राज्याने शहरांना तसा कायदा करण्यालाही मनाई केली. सगळ्यात स्वस्त भाड्याची घरं वस्ती सुधारत गेली तशी झपाट्याने कमी झाली. गरिबांसाठी घरं सांभाळणारी ना-नफा संस्था तिथे चिकाटीने काम करते म्हणून काही कुटुंबं टिकली, पण बाजाराच्या रेट्यापुढे तिचा हात किती पुरणार? फिंडले मार्केटमध्ये भाजी घेताना एक कृष्णवर्णी आजी माझ्याशी बोलत होत्या. पलीकडच्याच रस्त्यावर त्या वाढल्या, आता बसने येतात, कारण भाजी इथलीच आवडते. तक्रारीचा सूर नव्हता. हे सांगताना त्या टोमॅटो निवडत होत्या.

हे पाहिल्यावर मला आपल्या मुंबईच्या भाडेकरू कायद्याकडे नव्या नजरेने बघावंसं वाटलं. त्या कायद्याला शिव्या घालण्याची फॅशन आहे आणि त्यात तथ्यही आहे. 1947 च्या कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात जिन्याची एक पायरीसुद्धा बदलून होईना, म्हणून त्याने हात झटकले. 1969 मध्ये सरकारने इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढलं, पुढे ते म्हाडात आलं. पण मंडळाच्या दुरुस्तीला दर चौरस मीटरमागे खर्चाची कमाल मर्यादा. खर्च त्यापलीकडे गेला आणि वरचे पैसे भरायला भाडेकरू तयार नसले, की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. मधली वर्षं टेकूंवर जातात. या दिरंगाईने माणसं मारली आहेत. 2017 मध्ये भेंडीबाजारजवळची हुसैनी इमारत कोसळली तेव्हा तीसहून जास्त बळी गेले.

तरीही त्याच कायद्याच्या परंपरेमुळे गिरगावातल्या चाळीतला भाडेकरू पुनर्विकासात किमान 300 चौरस फुटांचं, मालकीचं घर विनामूल्य मागू शकतो. बीडीडी चाळींत तर 500 चौरस फूट ठरले आणि वरळीत 2025 मध्ये किल्ल्या मिळायला सुरुवातही झाली. त्या आजींना असा हक्क असता तर त्या बसने आल्या नसत्या. गिरणी कामगाराच्या, कारकुनाच्या, खानावळवाल्याच्या वारसाला शहराच्या सर्वांत महागड्या भागात राहण्याचा हक्क कायद्याने द्यावा, ही फार मोठी गोष्ट आहे. ‘हे फुकटे’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पागडी मोजून घेतलेली आणि तीन पिढ्या राखलेली जागा फुकटची कशी?

वारशाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या परदेशस्थ मित्रांनाही एक सांगायचं आहे. माझे काका अजून मुगभाटातच आहेत. मागच्या भेटीत मी गॅलरीच्या लाकडी कठड्याचं कौतुक करत होते, तेव्हा ते म्हणाले, “अगं, तू येतेस, फोटो काढतेस, जातेस. रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाच्या संडासात जायला मला काठी लागते, आणि काकूला पडण्याची भीती वाटते म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही.” यावर बोलायला काही उरत नाही. घरात संडास हवा, लिफ्ट हवी, नातवाला अभ्यासाला कोपरा हवा, हे मागणं वारशाच्या विरोधातलं कसं म्हणायचं? दहा बाय बाराच्या खोलीत लग्न झालेल्या मुलाची सोय होत नाही म्हणूनच तर मराठी गिरगाव डोंबिवलीला आणि विरारला गेलं. गेलेल्यांनी राहिलेल्यांना ‘तसेच राहा’ म्हणायचा अधिकार मी तरी मानत नाही, आणि गेलेल्यांत मीही आहे.

पण टॉवर म्हणजे तिथेच राहणं, हेही पूर्ण खरं नाही. बिल्डर काम अर्धवट सोडतो, भाडं थकवतो, माणसं संक्रमण शिबिरात म्हातारी होतात. टॉवर झाला तरी लिफ्टचा, पंपाचा, दिव्यांचा मासिक खर्च पेन्शनीतून भागत नाही आणि काही वर्षांत घर विकून कुटुंब कर्जत-बदलापूरकडे निघतं. कागदावर पुनर्वसन झालेलं असतं. कॉर्पस फंड, म्हणजे देखभालीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, किती, त्याच्या व्याजात देखभाल किती वर्षं भागेल, हा प्रश्न सभेत शेवटी, लोक उठायला लागल्यावर निघतो. तो पहिला हवा.

आणि सगळ्याच चाळी पाडण्याच्या अवस्थेत नाहीत. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत, सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करायची इमारत. सी-2 मध्ये दुरुस्तीची वाट शिल्लक असते. अशा चाळींसाठी इथल्यासारखी सवलत आपल्याकडे का असू नये? दोन खोल्या जोडून एक घर, आत संडास-मोरी, मागच्या बाजूला लिफ्टचा मनोरा, सडलेल्या तुळयांच्या जागी नव्या, आणि खर्चासाठी न वापरलेला एफएसआय दुसरीकडे विकायची मुभा. वारसा यादीतल्या निवडक इमारतींना टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद आपल्या नियमांत आहेच. ती साध्या, चांगल्या स्थितीतल्या चाळींपर्यंत आणावी. खोल्या जोडल्या की काही बिऱ्हाडांना जागा उरणार नाही, ही यातली खरी अडचण आहे. त्यांची सोय त्याच वाडीतल्या मोडकळीला आलेल्या चाळीच्या जागी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीत करावी लागेल. म्हणजे वाडी एकत्र धरून आराखडा हवा, एकेक चाळ सुटी काढून नव्हे. अवघड आहे, पण केशवजी नाईक चाळीत 1893 मध्ये सार्वजनिक गणपती बसवणाऱ्या भागाला एकत्र बसून ठरवायची सवय नवी नाही.

काकांच्या चाळीची सभा गणपतीनंतर आहे. बिल्डरचं सादरीकरण आलं आहे, चकचकीत, सत्तावीस पानांचं. मी त्यांना फोनवर विचारलं, ऑडिटमध्ये इमारत कुठल्या वर्गात आहे आणि दुरुस्तीचा अंदाज किती? ते म्हणाले, ऑडिट झालंय म्हणतात, पण कागद कुणी पाहिलेला नाही, आणि दुरुस्तीचा आकडा तर कुणी मागितलाच नाही. आता दोन्ही मागणारा अर्ज ते लिहितायत, खाली एकवीस बिऱ्हाडांच्या सह्या घेऊन.