घेण्यास नकार

लेखकाला वाचक मिळत नाहीत ही जुनी तक्रार आहे. पण पोस्टमनची चाहूल लागताच वाचक पंखा बंद करून, श्वास रोखून बसतो, असा मान एकाच साहित्यप्रकाराला मिळतो: घर खाली करण्याची नोटीस. हा प्रकार मामानं माझ्याकडून लिहून घेतला, कारण "तू नाहीतरी काहीबाही लिहीतच असतोस."

मामाचं घर जुनं, दुमजली. वरच्या दोन खोल्यांत अण्णा. मामाला घर वडिलांकडून आलं आणि अण्णांना भाडेकरूपण त्यांच्या वडिलांकडून. भाडेकरू गेला की त्याच्याजवळ राहणारा घरचा माणूस भाडेकरू होतो, ही सोय कायद्यातच आहे, तेव्हा दोन्ही घराणी सारखीच खानदानी. भाडं महिना पंच्याऐंशी रुपये. दरवर्षी चार टक्के वाढ घ्यायची मुभा मालकाला २००० सालापासून आहे, पण तीन रुपये चाळीस पैसे मागायला जिना चढणं मामाला कधी परवडलं नाही.

या सगळ्यात एक बारीकशी अडचण होती. अण्णा कोर्टातले निवृत्त बेलिफ. लोकांच्या दारावर समन्स चिकटवण्यात उभी नोकरी गेली. तालुक्यात अण्णांची खळ न लागलेलं दार सापडणं कठीण, आणि आता आम्हाला नोटीस बजावायची होती ती त्यांच्याच दाराशी.

मामेभावाचं लग्न ठरलं, खोल्या हव्या झाल्या, आणि मी अडीच पानांचा मजकूर लिहिला. त्यात पिढ्यांचा ऋणानुबंध होता, जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या होत्या, शेवटी थोडी कातरता होती. वकीलसाहेबांनी त्यातला पत्ता तेवढा ठेवला.

"किती दिवसांची देऊ या?" मामानं विचारलं.

"कुठल्या कायद्याखाली?"

मामा माझ्याकडे पाहू लागला. मी टेबलाकडे.

वकीलसाहेबांनी १८८२ सालापासून सुरुवात केली. त्या सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ म्हणतं की महिन्याच्या भाड्यानं राहणाऱ्याला पंधरा दिवसांची लेखी, सहीनिशी नोटीस द्यावी. पूर्वी तर हे पंधरा दिवस भाड्याचा महिना संपेल त्याच दिवशी संपावे लागत. एका दिवसाची चूक झाली की अख्खी नोटीस बाद, आणि मालक पुन्हा पहिल्या ओळीवर. २००२ च्या दुरुस्तीनं हा जाच गेला.

"म्हणजे पंधरा दिवसांत खोल्या मोकळ्या!" मामाला सनई ऐकू येऊ लागली.

"नाही. तुमच्या अण्णांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. ३१ मार्च २००० पासून. त्याआधी १९४७ चा मुंबईचा कायदा होता. आणि भाडे कायद्याखाली घर परत मागायचं असेल तर १०६ ची नोटीस लागतच नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९७९ मध्ये सांगून ठेवलंय."

"मग द्यायची नाही?"

"द्यायची."

"लागत नाही ना?"

"लागत नाही. पण द्यायची. कोर्टात बरं दिसतं."

इतकं निरपेक्ष लेखन मी आयुष्यात केलं नव्हतं.

नोटीस लागत नसली तरी कारण लागतं. मनात आलं म्हणून घर मागता येत नाही. कलम १६ मध्ये कारणांची यादी आहे, तिच्यात बसावं लागतं. मामाकडे कारणांचा साठा होता. गॅलरीतून ठिबकणारी धोतरं, पहाटेचं खाकरणं, तुळशीला घातलेलं आणि खाली मामाच्या डोक्यावर पोचलेलं पाणी. वकीलसाहेब प्रत्येक कारणाला मान हलवून पुढचं विचारत होते. शेवटी मामानं राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता काढला. "त्यांनी मला न विचारता स्वयंपाकघरात ओटा बांधलाय!"

परवानगीशिवाय पक्कं बांधकाम हे कारण यादीत खरोखरच आहे. पण त्याच्याखाली एक स्पष्टीकरणही आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी काढलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं, यांना पक्कं बांधकाम म्हणायचं नाही. ओट्याचा तिथे नावानिशी उल्लेख आहे. वीस वर्षं जपलेला राग सरकारनं एका ओळीत निकाली काढल्याचं पाहून मामा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कायदा लिहिणारा नक्की वरच्या मजल्यावर राहत असणार."

थकबाकीचा मार्ग त्याहून मजेशीर निघाला. भाडं थकलं तर आधी लेखी मागणी करायची आणि नव्वद दिवस थांबायचं. इथे मात्र नोटीस लागतेच. मग दावा. मग समन्स पोचल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूनं सगळी बाकी, वर्षाला पंधरा टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला, की खोल्या त्याच्याच. पंधरा टक्के ऐकून मामाचे डोळे लकाकले, एवढं बँकेत कुठे मिळतं? पंच्याऐंशी रुपयांवर ते किती होतं हे मी त्याला कागदावर करून दाखवलं. तसंही अण्णा कधी थकत नव्हते. मामानं रागानं भाडं नाकारलं की तिसऱ्या दिवशी मनीऑर्डर येई, आणि तिचं कमिशन किती बसलं तेही अण्णा जिन्यात भेटून सांगत.

"पाणी तोडलं तर?" मामानं आवाज खाली आणून विचारलं. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासची सोय, यांतलं काहीही मालकानं तोडलं तर कलम २९ खाली तो गुन्हा आहे. मामीला कलम ठाऊक नव्हतं. तिनं एवढंच सांगितलं की पाइप एकच आहे.

उरली ती 'वाजवी व प्रामाणिक गरज'. मुलाचं लग्न, म्हणजे गरज पक्की. पण त्यापुढे आणखी एक पायरी असते: घर सोडल्यानं भाडेकरूला त्रास जास्त, की न मिळाल्यानं मालकाला जास्त, हे कोर्ट तोलतं. दोघांचंही भागणार असेल तर काही भागापुरताच हुकूम देतं. म्हणजे एका खोलीत नवी सून आणि दुसरीत अण्णा, हाही निकाल कायद्याला मंजूर आहे. त्रासाची उजळणी म्हणून मामानं घरात सगळ्यांना आपापलं दुखणं सांगायला लावलं. मामी म्हणाली, "तुम्ही रोज संध्याकाळी दोन तास वर जाऊन बसता. जास्त त्रास कुणाला, हे अण्णांनाच विचारा."

समोरच्या बिल्डिंगमधले मालक या काळात गॅलरीत उभे राहून आमच्याकडे करुणेनं बघत. त्यांचं लिव्ह अँड लायसन्स, रजिस्टर केलेलं. मुदत संपूनही राहणारा हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि राहिलेल्या दिवसांची भरपाई दुप्पट दरानं. हे सुख मामाला या जन्मी नव्हतं.

नोटीस पोचवण्याचा भाग मला वैयक्तिक पातळीवर फार आवडला. माझी पाकिटं संपादकांकडून 'साभार परत' येत, तेव्हा ती न वाचताच आली असं धरून चालावं लागे. नोटिशीचं उलटं. पत्ता बरोबर असेल, तिकीट पूर्ण असेल आणि पाकीट नोंदणी करून टाकलेलं असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचलंच असं १८९७ चा एक कायदा मानतो. 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलेलं पाकीटसुद्धा पोचलेलं. नाकारल्यामुळे वाचली गेलेली माझी ही पहिलीच रचना ठरणार होती.

पण मामाला पोस्ट पसंत नव्हतं. "माझ्या घरात, माझ्याच जिन्यानं, मी माझ्या हातानं देणार." हेही कायद्यात बसतं: स्वतः त्या माणसाला, नाहीतर घरातल्या कुणाला, तेही जमलं नाही तर दर्शनी भागी चिकटवून. आम्ही तिन्हींची तयारी करून वर गेलो. माझ्या खिशात सेलोटेप होता.

"या मालक," अण्णा म्हणाले. ते मामाला चिडवायचं असलं की मालक म्हणत. माझ्या खिशाकडे पाहून त्यांनी मान हलवली. "सेलोटेप? पहिल्या पावसात सुटतो. खळ करावी. आणि पंच कुठायत? फोटो कोण काढणार?"

"अण्णा, आधी घ्या तरी," मी म्हणालो.

"हातात घेत नाही. ओट्यावर ठेव, उभ्यानं वाचतो."

मी ती ओट्यावर पसरली. अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकून सगळी वाचली, परिशिष्टासह. चतुःसीमेशी थांबून पूर्वेचा रस्ता पश्चिमेला पडल्याचं सांगितलं. वकिलाच्या मराठीला नाव ठेवलं. मग मामाकडे वळून म्हणाले, "सही राहिलीय."

खरंच राहिली होती. मामानं खिसे चाचपले, माझ्याकडे पेन नव्हतं. अण्णांनी आपलं दिलं. मामानं ओट्यावर कोपर टेकून सही केली, खाली तारीख घातली आणि कागद पुढे धरला.

अण्णांचे हात पाठीमागेच होते. "आता कसा, नियमात झाला," ते म्हणाले. "उद्या पोस्टानं पाठवा. पत्त्यात पिनकोड घाला. मी घरी नसेन."