एअरपोर्ट लुक ‘अचानक’ टिपला जात नाही

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: मुलाखती पीआरवाले (कलाकारांची प्रसिद्धी सांभाळणारी माणसं) ठरवतात म्हणून त्या खोट्या; पापाराझी (कलाकारांच्या मागावर असणारे फोटोग्राफर) आणि गॉसिप अकाउंट्स मात्र कुणाची मिंधी नाहीत. ती कलाकारांना बेसावध पकडतात, पैसे घेत नाहीत आणि वाईटही बेधडक छापतात. हे तिन्ही दावे चुकीचे आहेत.

‘बेसावध पकडतात’: मुंबईतलं बरंचसं स्पॉटिंग, म्हणजे कलाकार कुठेतरी दिसणं आणि टिपला जाणं, ठरवून होतं. पीआरकडून फोटोग्राफरांना व्हॉट्सॲपवर निरोप जातो: कोण, कुठे, किती वाजता, कुठल्या गेटवर. विमानतळाच्या दाराबाहेर गाडी थांबते, आत जाण्याआधी कलाकार काही सेकंद उभा राहतो, फोटो होतात. कपडे आणि बॅगेच्या ब्रँडची नावं अनेकदा त्याच्याच टीमकडून येतात. प्रमोशन चालू असताना फोटोग्राफरांना विमानतळावर बोलावलं जातं, हे जान्हवी कपूरनं २०२४ मध्ये मुलाखतीत उघड सांगितलं. स्वतः पडताळायचं असेल तर एकाच लुकच्या चार-पाच अकाउंट्सवरच्या पोस्ट शेजारी ठेवा. फोटो एकाच वेळी आले एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, कारण गेटवर सगळेच उभे असतात. पण कॅप्शनचे शब्द आणि टॅग केलेले ब्रँडही जुळले, तर मजकूर एकाच ठिकाणाहून आलेला असतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्या कलाकाराचा ट्रेलर येतोय का, तेही बघा.

‘पैसे घेत नाहीत’: पैसे देऊन टाकलेल्या रील्सही असतात. पण रोजच्या स्पॉटिंगला रोख लागतच नाही. अकाउंटला फोटो मिळतात, कलाकाराला प्रसिद्धी. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या इन्फ्लुएन्सर नियमांत फुकट वस्तू आणि प्रवाससुद्धा मोबदला धरलाय आणि तसं लेबल लावायला सांगितलंय. ‘कधी आणि कुठे यायचं’ ही माहिती हाच मोबदला असेल, तिथे लेबल क्वचितच दिसतं.

‘वाईटही छापतात’: हा दावा सगळ्यात फसवा. वाईट कुणाबद्दल आहे ते बघा. ज्या कलाकाराच्या पीआरकडून रोज बोलावणं येतं, त्याच्यावर टीका केली तर ते बोलावणं बंद होऊ शकतं. म्हणून झोडपला जातो तो बहुधा पीआर नसलेला किंवा पडता काळ असलेला कलाकार. दुसरी वाट ब्लाइंड आयटमची, म्हणजे नाव न घेता छापलेल्या गॉसिपची. नाव नसतं, त्यामुळे टीप प्रतिस्पर्ध्याच्या माणसानं दिली की खुद्द कलाकाराच्या टीमनं, हे वाचकाला कळायला मार्गच नसतो. अमेरिकेतलं डूमॉय हे अकाउंट वाचकांनी पाठवलेल्या टिपांवर चालतं आणि माहितीची स्वतंत्र खातरजमा केलेली नाही, असं स्वतःच जाहीर करतं. ते वाचूनही लोक टीप बातमी म्हणून पुढे ढकलतात.

याच मजकुराखाली ‘तेच बोलावतात, मग तक्रार कसली?’ असंही लिहिलं जातं. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट घराच्या दिवाणखान्यात असताना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून तिचे फोटो काढले गेले. तिनं जाहीर निषेध करून मुंबई पोलिसांना टॅग केलं. गेटवर दिलेली संमती दिवाणखान्याला लागू होत नाही.