सहा महिन्यांनी काय झालं ते सांगा

आज सोलापुरातल्या एका संस्थेचा वार्षिक अहवाल वाचला आणि डोकं फिरलं. गुळगुळीत कागद, शिवणवर्गाचे रंगीत फोटो आणि पानभर एकच आकडा: लाभार्थी महिला. त्यातल्या किती जणी आज शिलाईवर चार पैसे कमावतात, याबद्दल एक ओळ नाही.

आकडा फुगतो कसा, हे या कामातल्या प्रत्येकाला माहीत आहे. एकच बाई शिवणवर्गाला येते, आरोग्य शिबिरात रक्त तपासून घेते, बचत गटाच्या बैठकीला बसते, शिधा नेते. चार हजेरीपट, चार लाभार्थी. नाव आणि मोबाइल नंबर दोन्ही जुळवून दुबार नोंदी काढल्या की खरा आकडा कळतो. काढतं कोण?

समजा १२० जणींनी नाव घातलं, ८४ जणींनी वर्ग पूर्ण केला, सहा महिन्यांनी ३० जणी कमावतात. खर्च ६ लाख. असा अहवाल म्हणणार, प्रत्येकी ५,००० रुपयांत प्रशिक्षण! खरा हिशोब कमावत्या बाईमागे २०,०००. तो वाईटच आहे असं नाही. पण तो समोर असला तरच पुढच्या वर्षी घरी मशीन द्यायचं की गणवेशाच्या कारखानदारांशी आधी बोलून त्यांना हवं तेच शिकवायचं, हे ठरवता येतं.

सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत, तर विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. दुपारचे दोन तास वर्गाला दिले की तेवढी मजुरी बुडाली. ती वजा न करता "उत्पन्न वाढलं" कसं छापता? म्हणून पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचं: आठवड्याला विड्या किती, हातात पैसे किती. वर्षाने आठवून सांगितलेलं कामाचं नसतं.

आणि "फायदा झाला का?" असं विचारूच नका. समोर शिकवणारी ताई असेल तर सगळ्या हो म्हणतात. दुसरी कार्यकर्ती पाठवा, तेलुगू बोलणारी. तिने विचारावं, गेल्या आठवड्यात ब्लाउज किती शिवले, शिलाई किती मिळाली. हजेरीपटातलं प्रत्येक तिसरं नाव घ्या, ४० घरं होतात. जी भेटली नाही ती "भेटली नाही" म्हणून लिहा, तिच्याऐवजी शेजारीण धरू नका. नंबर बदलतात, म्हणून प्रवेशावेळीच माहेरचा दुसरा नंबर घ्या.

कार्यकर्त्यांवर राग नाही. सोलापूरच्या उन्हात तुटपुंज्या मानधनावर गल्लीबोळ त्याच पालथे घालतात. छोट्या संस्थेकडे माणसं नसतात, हेही मान्य.

पण देणगीदारांनो, तुम्ही? "मोजमापाला पैसे नाहीत, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवा" म्हणता. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाचा, नियम उघडून वाचा तरी! ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, आणि प्रकल्पाची देखरेख व मूल्यमापन यांवरचा थेट खर्च २०२१ च्या दुरुस्तीतल्या व्याख्येतच त्यातून वगळलाय. तुम्ही लाभार्थ्यांचा आकडा मागता म्हणून असे अहवाल छापले जातात.

संस्थांनो, प्रस्तावातच वेगळी ओळ टाका: सहा महिन्यांनंतरची पाहणी, दोन कार्यकर्त्यांचं मानधन, रिक्षाभाडं. कुणी ती खोडली तर कारण लेखी मागा.