कचेरीतले घरगुती इमोजी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपले तीन आक्षेप मी असे समजलो: कामाच्या चॅटमध्ये स्वतः बनवलेले इमोजी वापरणे हा पोरखेळ आहे, चित्रांनी संघभावना निर्माण होत नाही, आणि नव्या माणसाला ही सांकेतिक भाषा परके करते. पहिला मला मान्य नाही, दुसरा अर्धा मान्य आहे, तिसरा जवळजवळ पूर्ण.

जपानी रचनाकार शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली एनटीटी डोकोमो या तिथल्या मोबाईल कंपनीसाठी १२ गुणिले १२ ठिपक्यांच्या चौकटीत १७६ चित्रे काढली, ती मोजक्या अक्षरांत पुष्कळ सांगता यावे म्हणून. स्लॅक या कचेरीतल्या चॅटच्या ॲपवर २०१५ साली संदेशाखाली इमोजी लावण्याची सोय आली, तिचाही उपयोग असाच रोकडा आहे: ‘पाहिले’, ‘ठीक’, ‘करतो’ असे वेगवेगळे संदेश तीस जणांच्या गटात पडत नाहीत. युनिकोड, म्हणजे सर्व उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरांच्या व चिन्हांच्या जागतिक प्रमाणाच्या यादीत नवे चिन्ह येण्यास बराच काळ जातो आणि ते साऱ्या जगासाठी असते. ‘सर्व्हर बंद आहे, मी बघतो आहे’ एवढेच सांगणारे चिन्ह हवे असेल, तर ते गटानेच घडवावे लागते.

संघभावनेचे म्हणाल, तर मनुष्यबळ विभागाने परिपत्रक काढून बोधचिन्हाचे दहा इमोजी वाटले तर त्यांना कोणी हात लावत नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. मात्र व्यवस्थापकांनी निर्बंध घातला नसेल, तर स्लॅकवर पाहुण्या खात्यांखेरीज कोणालाही छोटे चित्र चढवून त्याला नाव देता येते, आणि मला महत्त्व वाटते ते या मोकळिकीचे. आमच्या पुण्यातल्या गटात ‘पुन्हा सांगा’ अशा अर्थाचा एक इमोजी आहे. नुकताच रुजू झालेला मुलगा ‘सर, मला समजले नाही’ असे सर्वांदेखत लिहिणार नाही. पण तेच चिन्ह आधी दोघांनी लावलेले दिसले, की तो तिसरा होतो, आणि चिन्हाशेजारी ३ हा आकडा दिसल्यावर वरिष्ठांना आपले स्पष्टीकरण अपुरे पडल्याचे निमूट कळते. अर्थात, पहिल्याने ते लावण्याचे धाडस कोणीतरी करावेच लागते, आणि ते गटप्रमुखानेच करावे असे माझे मत आहे. वरच्या माणसाने कधीच न वापरलेले चिन्ह खालच्यांना वापरता येईल, ही अपेक्षा भाबडी आहे.

आता तिसरा आक्षेप. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात जवसाच्या खरेदीच्या कराराचे छायाचित्र मोबाईलवर पाठवले गेले होते आणि शेतकऱ्याने उत्तरादाखल उंचावलेला अंगठा धाडला होता. तो केवळ पोच होता, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने २०२३ साली ती संमती मानून ८२ हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलर भरपाई देण्यास सांगितले. जगभर ठाऊक असलेल्या चिन्हाची ही गत, तर आमच्या घरगुती चिन्हांचा अर्थ नवख्याने ओळखावा कसा? म्हणून अर्थांची यादी चॅनेलमध्ये पिन केलेली असावी आणि इमोजीचे नाव अर्थवाही असावे. दृष्टिहीन सहकाऱ्याच्या स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही, तो नाव वाचतो. ‘पोपट३’ ऐकून त्याला काय बोध होणार? शिवाय इमोजी पुढे काढून टाकला, तर जुन्या मजकुरात त्याच्या जागी दोन अपूर्णविरामांमधले नावच उरते. सहकाऱ्याच्या चेहऱ्याचे इमोजी मात्र, त्याने हसत होकार दिला तरी, मी टाळतो, कारण हसून दिलेला होकार मागे घेणे फार अवघड असते.

रजा, पगार आणि खर्चाची मंजुरी या बाबी चिन्हांवर सोपवू नयेत, हे आपले शेवटचे वाक्य मला पूर्णपणे मान्य आहे. आमच्याकडे त्या लेखीच होतात.