‘मिस्त्रीगिरी’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

प्रीमियर पद्मिनी गाडीचं वायरिंग नवीन केल्यावर येणारा शॉर्ट (वायर मधेच बॉडीला टेकणं) कसा शोधायचा, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: ‘फ्यूजच्या जागी दहा रुपयांचा बल्ब लावून शॉर्ट शोधणं ही निव्वळ मिस्त्रीगिरी आहे, मल्टिमीटरने हेच काम दोन मिनिटांत होतं.’ पुढे, असे लेख वाचूनच लोकांच्या गाड्या पेटतात, रिलेचा (थोड्या करंटने जास्त करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) नंबर चुकला आहे, जॉइंट डागायला (सोल्डर करायला) हवे होते, फ्यूजबॉक्स नव्या पद्धतीचा घ्यायला सांगायला हवं होतं. आणि शेवटी, तुमच्या 1988 च्या गाडीचा पार्किंगचा फ्यूज खड्डा आला की उडतो आणि माझ्या लेखाने काही साधलं नाही.

चूक आधी मान्य करतो. हॉर्नच्या रिलेमध्ये हॉर्नकडे जाणारी वायर 85 नंबरच्या टोकावर लिहिली गेली, ती 87 वर हवी. 30 वर फ्यूजमधून आलेला सप्लाय, 85 आणि 86 ही कॉइलची दोन टोकं. लेखात दुरुस्ती केली आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता ‘मिस्त्रीगिरी’. हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात, ते मला लागलं. मुंबईच्या रस्त्यावर ऑक्टोबर 2023 पर्यंत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या. त्या कोणी धावत्या ठेवल्या? फूटपाथवर बसून बोनेटमध्ये डोकं घालणाऱ्या मिस्त्रींनीच ना? गेली बावीस वर्षं मी याच गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आहे. माझ्या कपाटात दोन मल्टिमीटर आहेत आणि ते मला वापरता येतात. तरीही शॉर्ट शोधायला मी हातात बल्ब घेतो. का, ते लेखात लिहिलं होतं. तुम्ही तो भाग वाचलेला दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

मल्टिमीटर बझरवर (रेझिस्टन्स अगदी कमी असला की वाजतो, त्या सेटिंगवर) ठेवून तुम्ही एक टोक फ्यूजच्या पुढच्या क्लिपला आणि दुसरं बॉडीला लावता. आवाज आला की म्हणता, शॉर्ट सापडला. पण बल्बची तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स तापल्यावरच्या साधारण दहावा हिस्सा असतो. 12 व्होल्ट 5 वॉटचा बल्ब पेटलेला असताना 29 ओहमच्या आसपास भरतो, थंड असताना तीनेक ओहम. पार्किंगच्या सर्किटवर असे पाच-सहा बल्ब पॅरलल असतात. सगळे मिळून झाले अर्धा ओहम. त्यात मीटरच्या वायरींचे 0.2 ते 0.3 मिळवा. म्हणजे धडधाकट सर्किट मीटरवर 0.7-0.8 दाखवतं आणि ठार शॉर्ट 0.3. बझर दोन्ही वेळा सारखाच वाजणार! हेडलाइटच्या सर्किटवर तर हा फरकही उरत नाही. तुमच्या दोन मिनिटांत सापडतो तो अनेकदा धडधाकट बल्बच असतो, आणि त्यापायी माणूस नवीन लूम (वायरींचा बांधलेला जुडगा) पुन्हा उसवत बसतो.

‘मग सगळे बल्ब काढून मोजा’ असं तुम्ही म्हणाल. काढा. पण जुन्या होल्डरमध्ये तळाची स्प्रिंगवाली पिन बल्ब दाबून बसवल्यावरच आत सरकते आणि तेव्हाच कवचाला टेकते. बल्ब काढला की दोष नाहीसा. मीटर म्हणणार सगळं ठीक, बल्ब बसवला की फ्यूज पुन्हा गेला. नवीन वायर जुन्याच होल्डरला जोडली असेल तर मी सगळ्यात आधी तिथे बघतो. पिनमागचा फायबरचा चकतीसारखा तुकडा वाळून तुटलेला असतो.

बल्ब काय करतो? इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब, होल्डरला दोन वायरी, टोकांना क्लिपा. उडालेला फ्यूज काढून त्याच दोन क्लिपांवर हे लावायचं. पुढे ठार शॉर्ट असेल तर पूर्ण 12 व्होल्ट बल्बवर येतात आणि तो झगझगीत पेटतो. शॉर्ट नसेल तर व्होल्टेज वाटलं जातं: टेस्टचा बल्ब मंद, पार्किंगचे लालसर मिणमिणणारे. उजेडातला हा फरक बोनेटपाशी उभं राहून दिसतो. मग कपलर (वायरी जोडणारे प्लग) एकेक सुटे करायचे, पुढचा डावा, पुढचा उजवा, डॅशबोर्ड, मागची लूम. ज्या कपलरला झगझगीत बल्ब एकदम मंदावला किंवा विझला, त्याच्या पुढे दोष. हेडलाइटच्या सर्किटला मात्र आधी दोन्ही हेडलाइटचे कपलर काढायचे, कारण 110-120 वॉटच्या लोडपुढे 21 वॉटचा बल्ब शॉर्ट नसतानाही जवळजवळ पूर्ण पेटतो. हेही लेखात होतं.

आणि फ्यूज कधी उडतो ते आधी बघा. स्विच बंद असताना फ्यूज बसवता क्षणीच उडाला तर दोष फ्यूज आणि स्विचच्या मधे. स्विच दाबल्यावर उडाला तर स्विचच्या पुढे. एवढ्या निरीक्षणाने अर्धी गाडी वगळता येते, आणि त्याला ना बल्ब लागतो ना मीटर.

गाड्या पेटतात हा आरोप मी ऐकून घेणार नाही. 21 वॉटच्या बल्बमधून 12 व्होल्टला पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही. शॉर्ट तसाच असताना तासभर शोधत बसलात तरी वायर गरम होत नाही, तापतो तो बल्ब, म्हणून तो सीटच्या कापडावर ठेवू नये. गाडी पेटते ती पांढरा 8 अँपिअरचा फ्यूज दोनदा उडाला म्हणून त्या जागी लाल 16 चा घातल्यावर, किंवा फ्यूजला सिगारेटची चांदी गुंडाळल्यावर. पेटते ती बॅटरीपासून इग्निशन स्विचकडे जाणारी जाड वायर ग्रोमेटशिवाय (भोकात बसवायच्या रबरी कड्याशिवाय) फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातून ओढल्यावर, कारण त्या वायरवर मुळात फ्यूजच नाही. म्हणून काम सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा, आणि सगळं बंद ठेवून निगेटिव्ह पोस्ट आणि केबल यांच्यामध्ये हाच बल्ब लावून बघायचा. घड्याळ किंवा स्टिरिओची मेमरी असेल तर तो काळाच राहील, फार तर तार लालसर दिसेल. झगझगीत पेटला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा. तेवढ्याने विझला तर अल्टरनेटरचे डायोड गेलेत किंवा त्या वायरीच्या टोकाचं थिंबल बॉडीला टेकलंय. इतकं सगळं लिहिणाऱ्याला ‘गाड्या पेटवणारा’ म्हणताना थोडा विचार करायला हवा होता.

मीटरला माझा विरोध नाही. अर्थिंग तपासायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह पोस्ट आणि इंजिनचा ब्लॉक यांत अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं, तर इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थ पट्टी बघा. रंगकामानंतर ती रंगावरच आवळलेली असते, आणि सेल्फचा करंट चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबलचं आवरण तापलं की लोक तेही शॉर्ट समजतात.

डागणं की क्रिंप करणं (दाबून जोडणं), फ्यूजबॉक्स नवा की जुना, हे लेखाचे विषय नव्हते. त्यावर वाद घालायला मला वेळ नाही.

राहिली तुमची गाडी. खड्ड्यात फ्यूज उडतो म्हणजे शॉर्ट कायमचा नाही, आणि मीटरवर तुम्हाला काही सापडलं नाही त्याचं कारणही हेच: आकडा बदलेपर्यंत झटका होऊन गेलेला असतो. बल्ब लावा, पार्किंग चालू ठेवा, काळोख पडल्यावर एकाला बल्बकडे बघायला बसवा आणि तुम्ही मागे जा. आधी डिकीचं झाकण सावकाश वर-खाली करा. नंबर प्लेटच्या दिव्याची वायर बिजागरीजवळ वळते तिथे नवीन लूममध्ये बऱ्याचदा ढील ठेवलेली नसते, झाकण बंद होताना पत्र्याची कड तिला चावते. तिथे बल्ब लखलखला नाही तर मागच्या दोन्ही दिव्यांमागच्या वायरी एकेक हलवा, मग मागच्या सीटखालची लूम, मग दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी. त्या पट्टीचा स्क्रू लांब पडला तर थेट लूममध्ये शिरतो, आणि गाडी हादरली की तेवढ्यापुरता टेकतो.

वायर सापडली की नुसती टेप मारू नका, उन्हाने टेपचा चिकटा सुटतो. खराब तुकडा कापून 1 चौरस मिलिमीटरची नवी वायर जोडा, वर स्लीव्ह घाला आणि बिजागरीपाशी चार बोटं ढील ठेवा. बल्ब नेमका कुठे लखलखला ते इथेच लिहा.